हाताची पारख, जागेची पारख : अटलांटा येथील 'ब्लेड शो' या सुरी-प्रदर्शनाच्या स्थळाची समीक्षा

१. प्रस्तावना

प्रदर्शनाची समीक्षा करताना सामान्यतः तेथे मांडलेल्या वस्तूंचा विचार होतो. वस्तू जेथे मांडल्या जातात त्या जागेचा उल्लेख झालाच तर वाहनतळ, गर्दी आणि भोजनाची सोय एवढ्यापुरताच होतो. चित्र किंवा शिल्प यांच्या बाबतीत ही उणीव काही अंशी क्षम्य मानता येईल; कारण तेथे पाहणारा आणि कलाकृती यांच्यात डोळ्याचाच व्यवहार असतो. हातघडणीच्या सुरीच्या बाबतीत मात्र ही उणीव गंभीर ठरते. सुरी ही पाहून नव्हे, तर धरून कळणारी वस्तू आहे. मुठीचा तोल, पात्याचे वजन, घडीच्या चाकूचे पाते उघडताना बोटाला जाणवणारा विरोध या गोष्टी काचेआडून समजत नाहीत. म्हणून सुरी-प्रदर्शनाची जागा ही केवळ सोय नसून परीक्षणाचे साधन असते.

या दृष्टीने प्रस्तुत लेखात अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात भरणाऱ्या 'ब्लेड शो' या प्रदर्शनाच्या स्थळाचा विचार केला आहे. हे प्रदर्शन अनेक वर्षे अटलांटा शहराच्या वायव्येस असलेल्या 'कॉब गॅलेरिया सेंटर' येथे भरत असे. २०२४ पासून ते अटलांटा शहराच्या मध्यभागी असलेल्या 'जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटर' या कितीतरी मोठ्या वास्तूत भरू लागले. जागा बदलल्याने प्रदर्शन वाढले, हे उघड आहे. परंतु जागा बदलल्याने पारख वाढली काय, हा खरा प्रश्न आहे.

२. पार्श्वभूमी : पाहुणी म्हणून आलेली सुरी

अमेरिकेतील हातघडणीच्या सुऱ्यांच्या प्रदर्शनांचा उगम बंदुकांच्या प्रदर्शनात आहे. १९७० साली लास व्हेगास येथील एका बंदूक-प्रदर्शनात जमलेल्या अकरा कारागिरांनी 'नाइफमेकर्स गिल्ड' या संघटनेचा पाया घातला. ए. जी. रसेल आणि बॉब लव्हलेस ही नावे या आरंभकाळाशी निगडित आहेत. तोपर्यंत सुरी ही बंदुकांच्या टेबलांमध्ये एखाद्या कोपऱ्यात विसावलेली पाहुणी होती. स्वतंत्र संघटना आणि स्वतंत्र प्रदर्शन यांमुळे तिला स्वतःचे घर मिळाले.

१९७३ साली दोन घटना घडल्या. सुऱ्यांना वाहिलेले 'द अमेरिकन ब्लेड' हे नियतकालिक त्या वर्षी सुरू झाले. 'ब्लेड शो' हे पुढे याच नियतकालिकाच्या छत्राखाली वाढले. त्याच वर्षी गिल्डच्या प्रदर्शनात विल्यम मोरन या मेरीलँडच्या कारागिराने पोलादाचे थर भट्टीत जोडून घडवलेल्या, 'दमास्कस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पात्यांच्या सुऱ्या मांडल्या. त्या काळी बहुसंख्य कारागीर तयार पोलादी पट्टीतून पाते कापून व घासून काढत असत; ऐरणीवर ठोकून पाते घडवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. घडाईची ही विद्या टिकावी म्हणून १९७६ साली मोरन यांच्या पुढाकाराने 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' स्थापन झाली.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की या कलेचे महत्त्वाचे वळण एका टेबलावर घडले. मोरन यांची पाती ज्यांनी हातात घेतली, ते आपापल्या गावी परतून भाता पेटवू लागले. ग्रंथ किंवा छायाचित्र यांनी जे साधले नसते ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी उभे राहिल्याने साधले. प्रदर्शनस्थळाचे मूल्यमापन करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

३. मूल्यमापनाचे निकष

सुरीची पारख ज्या क्रमाने होते, त्याच क्रमातून जागेचे निकष काढणे योग्य ठरेल.

पहिला निकष प्रकाशाचा. पात्याच्या दोन्ही अंगांचे उतार समान आहेत काय, उतार जेथे संपतो ती रेघ सरळ आहे काय, परज आणि पाते यांच्या सांध्यात फट आहे काय, घासकामातील आडवे ओरखडे पुसले गेले आहेत की केवळ झाकले गेले आहेत, हे सारे तिरप्या पडलेल्या एकाच प्रकाशात दिसते. मोठ्या सभागृहाच्या छतावरील सर्व बाजूंनी सारखा पसरलेला प्रकाश नेमके हेच दोष लपवतो. आरशासारखे चकाकणारे पाते अशा उजेडात दिपवते, पण काही सांगत नाही.

दुसरा निकष ध्वनीचा. पाठीच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या घडीच्या चाकूचे पाते उघडताना व मिटताना होणारा 'टक्' असा आवाज जाणकाराला बरेच काही सांगून जातो. तो आवाज स्वच्छ आहे की मंद, अर्ध्यावर पाते नीट थांबते की नाही, यावरून स्प्रिंग आणि पात्याचे बूड यांची जुळणी कळते. हजारो माणसांच्या गलबल्यात ही परीक्षा जवळजवळ अशक्य होते.

तिसरा निकष हाताचा. टेबलावरची सुरी उचलण्यापूर्वी कारागिराची परवानगी घ्यावी, पात्याला बोट लावू नये, परत करताना मूठ पुढे करावी, असे या प्रदर्शनांतील संकेत आहेत. बोटांच्या घामाने साध्या कर्बयुक्त पोलादावर गंज चढतो. म्हणून टेबलामागचा कारागीर मधूनमधून पाते पुसत असतो. हे संकेत पाळले जाण्यासाठी टेबलासमोर दोन पावले मोकळी जागा आणि मागून धक्का न लागण्याची खात्री हवी. अरुंद वाटेत उघडे पाते हाती असणे हे असभ्य तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे.

चौथा निकष संवादाचा. पात्याला पाणी कसे दिले, पोलाद कोणते, मुठीचे लाकूड किती वर्षे मुरले, हे प्रश्न विचारण्यास आणि त्यांची उत्तरे ऐकण्यास वेळ लागतो. ज्या जागेत हा वेळ मिळतो ती जागा चांगली, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

पाचवा निकष कसोटीचा. सुरी अखेर कापण्यासाठी असते. तेव्हा कापून दाखवण्यास तेथे सुरक्षित अवकाश आहे काय, हे पाहिले पाहिजे.

४. कॉब गॅलेरिया : मर्यादेतील गुण

कॉब गॅलेरिया सेंटर हे १९९४ साली सुरू झालेले मध्यम आकाराचे संमेलन-केंद्र. दोन महामार्गांच्या छेदाजवळ असलेली ही वास्तू नगररचनेच्या दृष्टीने फारशी आकर्षक नव्हती. कॉब परगण्याने १९६५ सालीच अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक व्यवस्थेत सामील होण्यास मतदानाद्वारे नकार दिला होता. त्यामुळे शहराची रेल्वे तेथवर कधी पोहोचली नाही. मोटार नसलेल्या प्रेक्षकाला हे प्रदर्शन दूरच होते. शुक्रवारी दारे उघडताच नामवंत कारागिरांच्या टेबलांकडे धावणाऱ्या गर्दीला येथील वाटा अपुऱ्या पडत. ध्वनी आणि हात या दोन निकषांवर ही जागा उणी ठरते, हे मान्य केले पाहिजे.

असे असूनही या जागेविषयी जुन्या प्रेक्षकांच्या मनात आपुलकी राहिली, ती अकारण नव्हे. केंद्राला लागूनच वेव्हर्ली हे हॉटेल होते आणि त्याच्या उंच अंगणवजा दालनातील बैठकीची जागा 'पिट' या नावाने ओळखली जाई. दिवसाचे प्रदर्शन संपल्यावर कारागीर, संग्राहक आणि व्यापारी तेथे जमत. दिवसा टेबलावर न मांडलेली सुरी रात्री तेथे खिशातून निघे. येथे कोणी विक्रेता आणि कोणी ग्राहक असा भेद उरत नसे. एक कारागीर दुसऱ्या कारागिराचे काम हातात घेऊन त्याची चूक त्याला तोंडावर सांगू शके. औपचारिक प्रदर्शनाने जे निकष पुरे केले नाहीत, ते या अनौपचारिक जागेने पुरे केले. संवादाच्या निकषावर कॉब गॅलेरियाचे यश हे वास्तविक 'पिट'चे यश होते.

यातून एक महत्त्वाची बाब पुढे येते. प्रदर्शनाचे स्थळ म्हणजे भाड्याने घेतलेले सभागृह नव्हे. सभागृह, त्याला जोडलेला निवास, जेवणाची जागा आणि रात्री उशिरापर्यंत बसता येईल असा कोपरा मिळून ते स्थळ होते. आयोजकांच्या नकाशात टेबलांचे क्रमांक असतात. कोपऱ्यांना क्रमांक नसतात. तरीही एखाद्या कलेची परंपरा टेबलांपेक्षा कोपऱ्यांतून अधिक पुढे जाते.

५. वर्ल्ड काँग्रेस सेंटर : विस्ताराची किंमत

जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटर १९७६ साली सुरू झाले आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेले. २००२ साली तेथे आणखी एक इमारत उभी राहिली. देशातील मोठ्या संमेलन-केंद्रांत त्याची गणना होते. विमानतळापासून रेल्वेने या परिसरात पोहोचता येते. ज्याच्याकडे मोटार नाही, जो केवळ कुतूहलाने येऊ इच्छितो, अशा प्रेक्षकाला येथे दार उघडे झाले. प्रदर्शनाच्या लोकशाहीकरणाच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. विस्तीर्ण सभागृहात वाटा रुंद ठेवण्याचीही सोय असते आणि हाताच्या निकषावर ही गोष्ट जमेची आहे.

परंतु विस्तारामुळे तीन प्रश्न निर्माण होतात. पहिला प्रश्न लक्ष विभागले जाण्याचा. जेथे शेकडो टेबले आहेत, तेथे प्रत्येक टेबलासमोर प्रेक्षक किती काळ थांबणार? तीन दिवसांचे तास मर्यादित आहेत. टेबले वाढली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ घटतो, हे साधे गणित आहे. ख्यातनाम कारागिराला याची झळ लागत नाही. झळ लागते ती प्रथमच टेबल घेतलेल्या नवोदिताला.

दुसरा प्रश्न शेजाराचा. कारखान्यात यंत्राने तयार होणाऱ्या चाकूंचे उद्योग, पोलाद व घासपट्ट्या विकणारे पुरवठादार आणि एकट्याने काम करणारे कारागीर हे सर्व एकाच छताखाली असतात. उद्योगांची दालने उंच, झगमगीत आणि प्रकाशित असतात. कारागिराकडे एक टेबल, एक कापड आणि फार तर घरून आणलेला एक दिवा. हा घरचा दिवा बोलका आहे. सभागृहाने जो प्रकाश दिला नाही तो कारागिराने स्वतः आणला, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरा प्रश्न संध्याकाळचा. नव्या केंद्राला जोडूनही एक हॉटेल आहे. ९७६ खोल्यांचे ते हॉटेल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. निवासाची सोय त्यामुळे सुटली. पण अनेक संमेलने, क्रीडासामने आणि पर्यटक यांच्यासाठी बांधलेल्या एवढ्या मोठ्या वास्तूत एका छोट्या जमातीला आपला 'पिट' सापडेलच असे नाही. असा कोपरा ठरवून बांधता येत नाही. तो वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार होतो. म्हणून या बाबतीत नव्या जागेवर आजच अंतिम निर्णय देणे अन्यायाचे ठरेल. तिला सवय होण्याइतका काळ मिळाला पाहिजे आणि आयोजकांनीही त्या दृष्टीने काही योजले पाहिजे.

६. पारखीची दोन रूपे : चिठ्ठी आणि परीक्षामंडळ

जागेच्या चर्चेत विक्रीच्या पद्धतीकडे दुर्लक्ष करता येत नाही. ज्या कारागिराच्या सुऱ्यांना मागणी फार असते, तो अनेकदा टेबलावर एक भांडे ठेवतो. इच्छुकांनी नावाची चिठ्ठी टाकावी, ठरलेल्या वेळी एक चिठ्ठी निघावी आणि ज्याचे नाव निघेल त्याने कारागिराने सांगितलेल्या किमतीला सुरी घ्यावी, अशी ही रीत आहे. तीत न्याय आहे, कारण पैशाच्या जोरावर कोणी पुढे जात नाही. पण तीत पारख नाही. चिठ्ठी टाकणाऱ्यांपैकी काहींना सुरी नको असते. तीच सुरी थोड्या वेळाने अधिक किमतीला विकावयाची असते. सभागृह जितके मोठे आणि गर्दी जितकी अनोळखी, तितका हा व्यवहार सोपा होतो. लहान जागेत माणसे एकमेकांना ओळखतात आणि ओळख हीच तेथे लाजेची मर्यादा घालते.

याउलट दुसरे रूप अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेचे. 'मास्टर स्मिथ' हा दर्जा मिळवू पाहणाऱ्याला स्वतः घडवलेल्या पात्याने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडावा लागतो. लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडावी लागते. त्यानंतरही त्याच धारेने अंगावरील केस उतरले पाहिजेत. आणि शेवटी तेच पाते शेगड्यात धरून काटकोनात वाकवले असता तुटता कामा नये. कठीण धार आणि लवचीक पाठ ही परस्परविरोधी वाटणारी दोन वैशिष्ट्ये एकाच पात्यात आणण्याची ही कसोटी होय. त्यानंतर उमेदवाराच्या पाच सुऱ्या 'ब्लेड शो'च्या वेळी परीक्षकांसमोर ठेवल्या जातात आणि बंद खोलीत त्यांची बारकाईने तपासणी होते.

या भव्य प्रदर्शनातील सर्वोत्तम पारख अशा प्रकारे प्रेक्षकांच्या नजरेआड होते. परीक्षेची गोपनीयता समजण्यासारखी आहे. पण निकालानंतर त्याच पाच सुऱ्या योग्य प्रकाशात, परीक्षकांच्या टिप्पणीसह मांडल्या, तर सामान्य प्रेक्षकाला पाहण्याची दृष्टी मिळेल. एवढ्या मोठ्या वास्तूत यासाठी एक खोली काढणे अवघड नाही.

७. तुलना आणि कायद्याची चौकट

जर्मनीतील झोलिंगेन हे पात्यांचे शहर. तेथील 'जर्मन पाते संग्रहालय' ग्रेफ्राथ या जुन्या वस्तीतील पूर्वीच्या मठाच्या इमारतीत १९९१ पासून आहे आणि सुरी-कारागिरांचे प्रदर्शनही तेथे भरत आले आहे. संग्रहालयाच्या दालनांत टेबले मांडली की कारागिराचे आजचे काम आणि शेकडो वर्षांपूर्वीची तलवार यांत काही पावलांचेच अंतर राहते. तुलनेचे साधन हाताशी असणे हे या जागेचे वैशिष्ट्य. कमी टेबले ही तिची मर्यादा. जपानमधील सेकी शहरात ऑक्टोबरमध्ये पात्यांचा उत्सव रस्त्यावरच मांडला जातो. तेथे प्रदर्शन हे गावाचे असते. स्वयंपाकाची सुरी घेणारी गृहिणी आणि संग्राहक एकाच वाटेने चालतात.

परंतु सार्वजनिक जागा आणि उघडे पाते यांचे नाते निरागस राहिलेले नाही. २००८ साली टोकियोतील अकिहाबारा येथे झालेल्या हल्ल्यानंतर जपानने दुधारी खंजिरांवरील कायदा कडक केला. २३ ऑगस्ट २०२४ रोजी झोलिंगेनमध्येच, शहराच्या वर्धापनाच्या उत्सवात, चाकूहल्ल्यात तीन जणांचा बळी गेला आणि त्यानंतर जर्मनीने सार्वजनिक उत्सवांतील चाकूंवर अधिक कठोर निर्बंध घातले. जेथे पाते हीच शहराची ओळख आहे, तेथेच पात्याने घात करावा, ही विसंगती कोणत्याही प्रदर्शनाला विसरता येणार नाही. प्रवेशद्वार, नोंद, खरेदी केलेली वस्तू बंद करून देणे या गोष्टी केवळ व्यवस्थेच्या नाहीत. कारागिरी आणि शस्त्र यांतील सीमारेषा प्रत्यक्षात जागाच आखत असते. बंद सभागृहाच्या बाजूने हा मुद्दा निश्चितच जातो.

८. भारतीय संदर्भ

या प्रदर्शनात सर्वाधिक डोळ्यांत भरणारी पाती 'दमास्कस' या नावाची असतात. हे नाव मूळ ज्या पात्यांचे, ती थर जोडून केलेली नव्हती. ती मुशीत वितळवलेल्या 'वूट्झ' पोलादाची होती आणि हे पोलाद दक्षिण भारत व दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी, तयार होई. १९९८ साली धातुशास्त्रज्ञ जॉन वेरहोवेन आणि फ्लोरिडातील नालबंद व पाते-कारागीर आल्फ्रेड पेंड्रे यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या पोलादावरील लहरी नक्षीचे कारण व्हॅनेडियमसारख्या अत्यल्प अशुद्धींत शोधले. कारागीर आणि शास्त्रज्ञ यांच्या या सहकार्याचा वारसा सांगणाऱ्या प्रदर्शनात 'दमास्कस' हा शब्द दोन्ही अर्थांनी सरसकट वापरला जावा, हे उणेपण आहे. टेबलावरील एका चिठ्ठीने हा घोळ मिटू शकतो.

महाराष्ट्रातही पात्याच्या कारागिरीचा ठेवा आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते कारागिराच्या कल्पकतेची साक्ष देतात. मात्र ते काचेआड आहेत. जतनासाठी ते तसेच असले पाहिजेत. पण आज विळी, कोयता आणि अडकित्ता घडवणाऱ्या लोहाराला आपले काम समजदार हातांपुढे मांडण्याची जागा कोणती, हा प्रश्न उरतोच. भारतीय शस्त्रनियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे लोहाराच्या नित्याच्या कामासाठी चौकट उपलब्ध आहे. उणीव आहे ती जागेची आणि पारखीची.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. वाहतूक, सुरक्षितता आणि मोकळी वाट या बाबतींत वर्ल्ड काँग्रेस सेंटर ही कॉब गॅलेरियापेक्षा सरस जागा आहे. संवादाच्या बाबतीत जुनी जागा सरस होती आणि तिचे हे श्रेष्ठत्व सभागृहाचे नसून त्याला लागून असलेल्या बैठकीचे होते. प्रकाश आणि ध्वनी या निकषांवर दोन्ही जागा उण्या ठरतात, कारण दोन्ही वास्तू सुरीसाठी बांधलेल्या नाहीत.

ही उणीव दूर करण्यास नवी वास्तू लागत नाही. दाराजवळ एक शांत खोली, तीत तिरप्या प्रकाशाचे काही दिवे, विकत घेण्यापूर्वी सुरी तेथे नेऊन पाहण्याची मुभा, नवोदितांची टेबले कोपऱ्यात न ढकलता मुख्य वाटेवर ठेवणे आणि रात्री उघडे राहील असे एक दालन, एवढ्याने बरेच साधेल. प्रदर्शनाचे यश किती टेबले लागली आणि किती माणसे आली यावर मोजण्याची सवय सर्वत्र आहे. सुरीच्या बाबतीत हे माप चुकीचे ठरते. किती जणांनी सुरी हातात घेतली, तिला उजेडात फिरवून पाहिले आणि कारागिराला एक तरी नेमका प्रश्न विचारला, हेच तिचे खरे माप होय. ते ज्या जागेत वाढेल तीच जागा योग्य.